राजकन्येची भूल

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मी बाळंतपण हा शब्द चारचौघांत उच्चारला नव्हता. आमच्या पिढीतल्या पुरुषांना तशी गरजच पडायची नाही. फार झालं तर ‘घरी दवाखान्याचं आहे’ एवढं म्हणायचं. समोरचा मान हलवायचा आणि विषय पिकापाण्यावर जायचा. निलंग्याच्या बसस्थानकात मी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. औराद, कासार सिरसी, उदगीर, देगलूर अशा गाड्या माईकवरून पुकारण्यात हयात गेली. स्वतःच्या आवाजाला मी लाजलो असं कोणी म्हणणार नाही. पण काही शब्द माईकसाठी नसतात, अशी माझी समजूत होती.

त्यामुळे आमची थोरली, राजकन्या, आठवा महिना संपत आल्यावर लातूरला, आमच्या निवृत्तीनंतरच्या घरी, आली आणि दुसऱ्याच दिवशी जेवताना शांतपणे म्हणाली, “अप्पा, मी कळांच्या वेळी पाठीत भूल घेणार आहे. तेवढं भुलीच्या डॉक्टरांचं तुम्ही बघा,” तेव्हा माझा घास हातातच राहिला.

राजकन्या बिलोलीला कृषी सहायक आहे. कोणत्या रानाला कोणतं बियाणं, हे शेतकऱ्यांना सांगणं तिचं काम. त्यामुळे कुठलीही गोष्ट वहीत दोन रकाने पाडून लिहिल्याशिवाय तिला ती पटत नाही. औसा रोडवरच्या डॉक्टर शिल्पा मॅडमना तिने सगळं विचारून घेतलं होतं. तिने वही काढली आणि वरणभाताच्या ताटाशेजारी ठेवून मला वाचून दाखवली. एक, काहीच न घेणं. श्वास सांभाळायचा, चालायचं, कमरेला शेक द्यायचा, जवळ आपलं माणूस ठेवायचं. दोन, दंडातलं नाही तर सलाईनमधलं इंजेक्शन. त्याने दुखणं थोडं बोथट होतं, पण गुंगी येते. तीन, नळीतून हुंगायचा वायू. तो त्या हॉस्पिटलात नाही. चार, पाठीत मणक्याजवळ केसाएवढी नळी घालून भूल. त्याने कळा बहुतेक जाणवत नाहीत, बाई जागी राहते. समोरच्या रकान्यात तिने लिहिलं होतं की पाय जड होतात, रक्तदाब उतरू शकतो म्हणून सारखा मोजतात, शंभरात एखादीचं नंतर डोकं दुखतं, आणि शेवटी जोर करायला वेळ जरा जास्त लागू शकतो. चार आकड्याला तिने लाल पेनाने गोल केला होता.

मी बाप माणूस. बापाने जे म्हणायचं ते मी म्हणालो. “तुझ्या आईनं तीन बाळंतपणं काढली. हूं का चूं केलं न्हाई.” तो शब्द तोंडातून निसटला हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण घरात होतो.

लक्ष्मीबाई, म्हणजे आमच्या मंडळी, भाकरी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

“कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणतात.”

“तुम्ही होता का तिथं?”

मी नव्हतो. राजकन्या झाली तेव्हा दिवाळीची गर्दी होती, जादा गाड्या सोडायच्या होत्या, आणि लक्ष्मी तिच्या माहेरी होती. मुलगी झाल्याचा निरोप मला चौथ्या दिवशी एका कंडक्टरने तिकिटाच्या पेटीसकट खिडकीशी उभा राहून दिला होता. मी त्याला चहा पाजला होता. एवढंच मला त्या बाळंतपणातलं ठाऊक.

“दोन दिवस लागले,” लक्ष्मी म्हणाली. भाकरी तिच्या हातातच होती. “बाहेर बापाकडची माणसं बसली व्हती. आवाज जाऊ नये म्हणून मायनं माझ्या तोंडात पदराचा बोळा दिला. दुसऱ्या दिवशी तो काढला तवा त्याला रक्त व्हतं, गाल चावून चावून. मी वरडले न्हाई असं आता कुनी म्हणू नका. मला वरडू दिलं न्हाई.” मग ती आत आली आणि भाकरी माझ्या ताटात ठेवली. “कोरड्यास वाढू का?”

मी वाढा म्हणालो की नको म्हणालो, आठवत नाही. त्या दुपारी मला झोप लागली नाही. संसाराला एकोणतीस वर्षं झाली, तिन्ही मुलांचे वाढदिवस पाठ आहेत, आणि ही गोष्ट मला जेवणाच्या ताटावर समजावी, याचं मला फार वाईट वाटलं. चारच्या सुमारास उठून मी राजकन्येच्या खोलीपाशी गेलो आणि बाहेरूनच विचारलं, “त्या डॉक्टरांचं नाव काय म्हणालीस?”

इथून पुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार आहे.

डॉक्टर शिल्पा मॅडमनी सांगितलं की त्यांच्याकडे भूल द्यायला डॉक्टर मृत्युंजय येतात. पण ते एकटे, आणि हॉस्पिटलं चार. “वेळेवर मिळाले तर नक्की देऊ,” त्या म्हणाल्या. ‘वेळेवर मिळाले तर’ हे वाक्य मी नोकरीत प्रवाशांना हजारदा ऐकवलेलं आहे. त्याचा खरा अर्थ काय असतो ते मला कोणी शिकवायला नको. मी ठरवलं, हा माणूस आधी गाठून ठेवायचा.

पहिली चूक माझ्या फोनने केली. एखाद्या ओळखीच्या माणसाकडून वशिला लागतो का पाहावं म्हणून मी माझ्या मेव्हण्याला संदेश लिहिला, ‘वेदना न होता प्रसूती करायची आहे, भुलीचे डॉक्टर मृत्युंजय यांची ओळख आहे का’, आणि तो गेला आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या गटावर. त्या गटात एकशे बारा माणसं आहेत आणि बाकी वेळी कोणी कोणाचं वाचत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी वाचलं. दोघांनी मला अभिनंदन कळवलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘या वयात प्रकृतीस जपा’ असं लिहिलं. ते त्यांनी गमतीने लिहिलं की मनापासून, हे मी आजतागायत त्यांना विचारलेलं नाही.

संध्याकाळी शेजारचे ग्यानोबा आले. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, आणि कोणत्याही विषयावर त्यांच्याकडे एक तरी नातेवाईक असतोच.

“कंट्रोलर साहेब, मणका म्हणजे मेन लाईन हाय,” खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. “तिला हात लावायचा नसतो. माझ्या साडूच्या पुतणीला लावला व्हता.”

“मग काय झालं तिला?”

“झालं काय न्हाई. पण लावायचा नसतो.”

त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरातून गरम दुधात तूप घालून द्यायचा सल्ला आला, समोरच्या घरातून एरंडेलाचा आला, आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने साखर बांधता बांधता ‘पोरगी हिंमतवान पायजे’ असं मला सुनावलं. हिमतीचं माप हे लोक नेहमी दुसऱ्याच्या पोरीवरून का काढतात, असा प्रश्न माझ्या मनात आला. तीन दिवसांपूर्वी मीही तेच केलं होतं, म्हणून मी तो विचारला नाही.

डॉक्टर मृत्युंजयांच्या घरी मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा ते आत्ताच गेलेले होते. चौथ्यांदा ते एका हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये सापडले. उंचेपुरे, जडसर गृहस्थ, डोळ्यांखाली काळं, हातात अर्धी खाल्लेली पोळीची गुंडाळी. मी खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत माझं सगळं म्हणणं मांडलं. तारीख सांगितली, पत्ता सांगितला, आणि त्या दिवशीची त्यांची वेळ आत्ताच राखून ठेवता येईल का विचारलं.

“काका,” ते म्हणाले, “मी लिहून ठेवीन. पण बाळ माझी वही बघून येत नाही. कळा सुरू झाल्या की फोन करा. ऑपरेशनमध्ये असलो तर उचलणार नाही. मग माणूस पाठवा.”

माणूस पाठवा, हे मी मनात लिहून घेतलं.

आता राहिला कागद. हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या माणसाने मला भुलीचा संमतिफॉर्म दिला आणि वर बोट ठेवलं. “इथं मिस्टरांची सही.”

“ते बिलोलीला शाळेवर आहेत. मी सही करतो. मी बाप आहे तिचा.”

“लग्न झालंय न्हवं तिचं?”

“झालंय.”

“मग बाप चालत न्हाई.”

हे त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण ज्या माणसाच्या शिट्टीवर एकतीस वर्षं गाड्या सुटल्या, त्याने हे रांगेत उभं राहून ऐकावं, मागे दोन बायका आणि एक औषधवाला ऐकत असताना, हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि नांदेडची एसटी धरली. नांदेडहून दुसरी गाडी. नायगावजवळ पंक्चर झालं तेव्हा मी उतरून ड्रायव्हरला दोन सूचना केल्या. त्याने त्या ऐकल्या नाहीत. बिलोलीला पोचेपर्यंत दीड वाजला होता.

जावई सुदर्शन शांत मुलगा. तो शाळेतून यायचा होता. घरी विहीणबाई होत्या, सरस्वतीबाई. कागद कसला म्हणून त्यांनी विचारलं, मी आडवळणाने सांगितलं, त्यांना ते कळलं नाही. एवढ्यात सुदर्शन आला. त्यांनी त्याला फॉर्म मोठ्याने वाचायला सांगितला.

मी ती वेळ कधी विसरणार नाही. सुदर्शन मास्तर असल्यामुळे त्याने तो फॉर्म धडा वाचावा तसा, स्पष्ट, एका सुरात वाचला. डोकेदुखी. रक्तदाब कमी होणे. अत्यंत क्वचित नसांना इजा. अत्यंत क्वचित... ‘अत्यंत क्वचित’ हे दोन शब्द सरस्वतीबाईंच्या कानात शिरत नव्हते. त्याच्या पुढचं सगळं शिरत होतं.

“इवाई,” तिकडे व्याह्याला म्हणतात तसं त्या मला म्हणाल्या, “आमच्या जाऊबाईला सिझरच्या वक्ताला पाठीत सुई देल्ती. बारा वर्षं झाली, अजून कंबर धरून उठून राहिली. ह्या घरात पुन्ना ती सुई नको.”

“आई, सही तर...” सुदर्शन म्हणाला.

“तू गप.”

मला त्यांनी पोटभर जेवू घातलं, तूप भरपूर वाढलं, आणि सही न होता परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच लातूरला येऊन दाखल झाल्या. सोबत पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू, आणि ‘मी हाय आता हितंच’ असं म्हणून त्यांनी राजकन्येच्या खोलीत अंथरूण टाकलं. म्हणजे मी सही आणायला गेलो आणि पहारा घेऊन आलो.

राजकन्या त्यांच्याशी भांडली नाही. ती वहीतलं वाचून दाखवायची आणि त्या ऐकायच्या. एकदा तिने सासूला विचारलं, “आत्या, तुम्हाला कधी पाठीत सुई दिली होती का?” त्या म्हणाल्या, न्हाई. “मग रोज सकाळी तुमची कंबर का दुखते?” सरस्वतीबाईंनी लाडवाचा डबा बंद केला. मत मात्र बदललं नाही.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टर शिल्पा मॅडमपुढे तो बिनसहीचा फॉर्म ठेवला आणि नांदेडमार्गे बिलोलीपर्यंतची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली. मग चष्मा काढून ठेवला.

“काका, माझी पेशंट अठ्ठावीस वर्षांची आहे. तिच्या पाठीचा निर्णय तिचा. तिचीच सही लागते.”

राजकन्येने पेन मागितलं आणि सही केली. त्याला चार सेकंद लागले. मी खिडकीवरच्या माणसाला काही बोलणार होतो, पण त्या दिवशी तो सुट्टीवर होता.

तारखेला अजून नऊ दिवस होते. एका मंगळवारी सकाळी सात वाजता राजकन्या न्हाणीतून बाहेर आली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. लक्ष्मीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गॅस बंद केला. आठ वाजता आम्ही हॉस्पिटलात होतो. सुदर्शनला फोन केला. शाळेत परीक्षा होती, ती उरकून बारानंतर तो बिलोलीहून निघणार होता. अकराच्या सुमाराला डॉक्टर शिल्पा मॅडम तपासून म्हणाल्या, “पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलंय. कळा चांगल्या आहेत. भूल हवी असेल तर आता मृत्युंजय सरांना बोलवा.”

राजकन्येचा आवाज बाहेर येत होता. तो आवाज मला नवीन होता. ती लहानपणी झाडावरून पडली, हात मोडला, तेव्हाही असा आवाज तिने केला नव्हता. लक्ष्मी आत होती. दाराशी सरस्वतीबाई बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून.

फोन उचलला गेला नाही. मी सहा वेळा लावला. मग मला आठवलं की माणूस पाठवायचा होता. माणूस मीच होतो. मी स्कूटी काढली.

पहिल्या हॉस्पिटलात ते नव्हते. दुसऱ्यात येऊन गेले होते. बार्शी रोडच्या तिसऱ्यात ऑपरेशन चालू होतं. मी त्या दाराबाहेर पस्तीस मिनिटं उभा होतो. गाडी उशिरा येते तेव्हा प्रवासी चौकशीच्या खिडकीशी येऊन पुन्हा पुन्हा तेच का विचारतात, हे मला त्या पस्तीस मिनिटांत कळलं. मी नर्सला नऊ वेळा विचारलं. नोकरीत असताना मी तिसऱ्या वेळेलाच खिडकी लावून घ्यायचो.

डॉक्टर बाहेर आले. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला नाही की काही नाही, “किती सेंटीमीटर?” एवढंच विचारलं. मी चार म्हणालो. आम्ही खाली आलो तर त्यांच्या मोटारीमागे सिलिंडरचा टेम्पो उभा, आणि टेम्पोचा ड्रायव्हर जेवायला गेलेला.

त्यांनी माझ्या स्कूटीकडे पाहिलं. “काका, तुम्हाला गाडी चांगली येते ना?”

“एकतीस वर्षं एसटीत होतो,” मी म्हणालो. त्या एकतीस वर्षांत मी गाडी एकदाही चालवली नव्हती, फक्त सोडली होती, हे सांगायची ती वेळ नव्हती.

डॉक्टर मागे बसले तेव्हा स्कूटीचं पुढचं चाक हलकं झालं. मांडीवर त्यांची बॅग, बॅगेचा कोपरा माझ्या पाठीत. वळसा टाळावा म्हणून एका चौकात मी एकेरी रस्त्याला उलटा शिरलो. आयुष्यात प्रथम शिरलो आणि प्रथम पकडला गेलो. वाहतूक पोलीस तरुण होता. त्याने हात आडवा केला.

“काका, उलटं कुठं चाललाव?”

मी तोंड उघडलं. ‘दवाखान्याचं आहे’ असं मी म्हणणार होतो, खरंच म्हणणार होतो. पण मागून हॉर्न वाजत होते, आणि गोंगाटात माझा आवाज आपोआप माईकवरचा होतो.

“माझ्या लेकीचं बाळंतपण आहे,” मी म्हणालो. “तिला कळा सुरू झाल्या आहेत. पाठीमागे बसलेले भुलीचे डॉक्टर आहेत. त्यांना औसा रोडला पोचवायचं आहे.” आणि सवयीने हे सगळं मी पुन्हा एकदा सांगितलं, कारण बसस्थानकात प्रत्येक गाडी दोनदा पुकारतात.

केळीचा गाडा थांबला. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांच्या बॅगेकडे पाहिलं, शिट्टी तोंडात घातली आणि दोन्ही बाजूंची वाहनं अडवून आम्हाला वाट करून दिली. शेजारी मोपेडवर एक बाई होती. पुढे निघता निघता तिने विचारलं, “काका, कोणत्या हॉस्पिटलात देतात हे?” मी तिला नाव सांगितलं, आणि रस्ताही सांगितला.

आम्ही पोचलो तेव्हा पाच सेंटीमीटर झालं होतं.

नळी घालताना बाईने पुढे वाकून, पोक काढून, अजिबात न हलता बसावं लागतं. आणि कळ तर हलवल्याशिवाय राहत नाही. पुढून घट्ट धरायला कोणीतरी घरचं हवं, असं नर्स म्हणाली. लक्ष्मी पुढे झाली, पण तिला धरून ठेवणं जमेना. सकाळपासून तिने पाणीही घेतलं नव्हतं. सरस्वतीबाई उठल्या. मला वाटलं आता त्या दार अडवतात.

“बाजूला सर लक्ष्मी,” त्या म्हणाल्या. “मी धरते. माझे हात शेतातले हायत.”

त्यांनी आत गेल्यावर राजकन्येला काय म्हटलं ते मला लक्ष्मीने नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, “एवढं सोसलंस, आजून जरा सोसतीस का?” राजकन्या दोन कळांच्या मधे म्हणाली, “नाही, आत्या. मी ठरवलंय.” “बरं,” त्या म्हणाल्या, आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

वीस-पंचवीस मिनिटं गेली. आतला आवाज आधी कमी झाला, मग बोलण्यासारखा झाला, मग थांबला. आवाज थांबल्यावर मला भीती वाटली. मी उभाच होतो. सरस्वतीबाई बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. त्यांच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, नखांचे चार खड्डे उमटले होते. दोनांतून रक्त आलं होतं. त्या हाताकडे बघत होत्या.

“सोडला तिनं हात,” त्या म्हणाल्या. मला नव्हे, कोणालाच नव्हे. “धरलेला व्हता, अन् हळूहळू सोडला.”

थोड्या वेळाने नर्सने मला बोलावलं. पेशंट बोलावतेय म्हणाली. मी म्हणालो, मी पुरुष माणूस. नर्स म्हणाली, पाच मिनिटं या.

राजकन्या उशीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे, पण चेहरा तिचा. “अप्पा, डॉक्टर सांगत होते तुम्ही चौकात काय केलंत ते,” ती म्हणाली. कुठे बघावं मला कळेना म्हणून मी शेजारच्या यंत्राकडे पाहिलं. त्यावर आकडे होते. एक बाळाच्या ठोक्यांचा, दुसरा हलत होता: वीस, पस्तीस, साठ.

“हा कसला?” मी विचारलं.

“कळेचा,” नर्स म्हणाली. “आता एक येतेय.”

राजकन्या मला विचारत होती की सुदर्शन कुठवर आला, आणि गच्चीवरच्या मिरच्यांना पाणी घातलं का. आकडा सत्तरवर गेला, ऐंशीवर गेला. ती म्हणाली, आईला आधी काहीतरी खायला घाला. आकडा ब्याण्णव झाला. तिच्या आवाजात फरक पडला नाही. मी उत्तरं देत होतो आणि माझी नजर त्या आकड्यावरून निघत नव्हती. माझ्याशेजारी लक्ष्मी येऊन उभी राहिली होती. तीही तिकडेच बघत होती. आकडा उतरायला लागला तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांसमोर असं मी कधी केलं नव्हतं. तिने तो काढला नाही.

सव्वासहाला मुलगी झाली. शेवटचा अर्धा तास राजकन्येला जोर करावा लागला, आणि तेव्हा दाब जाणवला, थोडं दुखलंही, असं तिनेच सांगितलं. पाय मात्र बराच वेळ पोत्यासारखे जड होते. डोकं दुखलं नाही. सुदर्शन पावणेसातला पोचला. त्याने मुलीला हातात घेतलं आणि मास्तर असल्यामुळे तिची बोटं दोनदा मोजली. डॉक्टर मृत्युंजय तोवर पुढच्या हॉस्पिटलात गेले होते, रिक्षाने.

तिसऱ्या दिवशी घरी सोडायचं होतं. मी खिडकीवरचे कागद उरकून येत होतो. कॉरिडॉरच्या टोकाला सरस्वतीबाई उभ्या होत्या. त्यांनी मला थांबवलं आणि जिन्याच्या आडोशाला नेलं. कनवटीचा छोटा फोन काढून माझ्या हातात दिला.

“इवाई, त्या डॉक्टरचा नंबर टाका ह्याच्यात.”

त्यांची धाकटी लेक दीपाली नायगावला दिलेली आहे. तिला सहावा महिना लागला होता, आणि सातव्यात ती बिलोलीला यायची होती. मी विचारलं, दीपालीला लातूरला आणणार का. त्या म्हणाल्या, “मी आनते की. पन तिच्या सासऱ्याला, दगडोबाला, ह्यातलं काय पटायचं न्हाई. आन् घरातले समदे फोन तो उघडून बघतो. मी भेटाया गेले की माझा बी.”

मी नंबर टाकला. नाव लिहायची जागा आली.

“काय लिहू?”

त्यांनी विचार केला. हातावरचे चार व्रण आता काळपट झाले होते.

“पिठाची गिरणी लिवा,” त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. त्यांनी फोन घेऊन डोळ्यांजवळ धरला, अक्षरं लावून वाचली, आणि कनवटीला खोचला.